दोन इंच मामा

जळगाव, १८ मार्च १९९२

चि. अभिमन यास अक्काचे आशीर्वाद.

तू उत्तर पाठवणार नाहीस हे धरूनच लिहितेय, म्हणजे पाठवलंस तर तेवढाच फायदा.

बातमी पहिली. आम्ही मुंबईला चाललोय, नवलबेट बघायला. टीव्हीवर बातम्यांच्या आधी जाहिरात लागते बघ, माणसं उलटी लटकून किंचाळतात आणि वर त्याचं तिकीट काढतात, ते. यांना कचेरीतून प्रवासखर्चाची एलटीसी मिळतेय आणि यंदा घेतली नाही तर बुडते म्हणे. मी म्हटलं, अहो, दोन वर्षांचं पोर. त्याला पाळण्यात बसवायला मुंबई कशाला? पिंप्राळ्याच्या रथाला येतात तेही पाळणेच असतात. तर म्हणाले, "लोक आपल्या मुलांना काय काय दाखवतात." लोक म्हणजे वरच्या मजल्यावरचे चौधरी. ते मागच्या महिन्यात जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांचा मुलगा आमच्या जिन्यात उभा राहून चुडूला सांगतो, तू नवलबेटला गेला नाहीस. चुडूला काय, तो म्हणतो, "भू."

जाणार कोण, तर हे, मी, चुडू, सासूबाई आणि लोटन भाऊजी. भाऊजींची बी.कॉम.ची परीक्षा तेव्हा संपते. सासूबाई म्हणतात मी समुद्र बघून घेईन, तुम्ही लटका.

बातमी दुसरी, आणि खरं पत्र तिच्यासाठीच आहे. चुडूला तिसरं लागलंय. जाऊळ काढायचंय, मनुदेवीला, १० मे, रविवार. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की लगेच. केस आता खांद्याखाली आलेत. मी दोन वेण्या घालते, रिबिनी लावते. बसमध्ये बायका म्हणतात, "काय गोड मुलगी आहे," आणि हे खिडकीबाहेर बघतात.

जाऊळाला मांडी मामाची लागते. मामा एकच आहे. तो धुळ्यात फ्रेमा ठोकत बसलाय आणि वर्ष उलटून गेलं तरी आमचा उंबरा चढला नाही.

काय ते कळव. आईला नमस्कार.

तुझी,
लता अक्का

(खालची निळी रेघ चुडूची. त्यानेही विचारलंय.)

---

धुळे, २४ मार्च

ती. अक्कास सा. न.

मुद्दाम कार्डावर लिहितोय, म्हणजे पोस्टमन, शेजारी आणि दाजी, सगळ्यांना वाचता येईल. अक्षर बारीक आहे, चष्मा लावायला सांग.

तुला आठवत नसेल तर सांगतो. चुडूचा पहिला वाढदिवस. सरबताचा बर्फ संपला. दाजी म्हणाले, "अभिमनराव, जरा पळत जा." गेलो. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणली. परत येतो तर फोटो काढून झालेला, फोटोग्राफर चहा पितोय. बठ्ठे, अगदी सगळे होते फोटोत. मध्ये मांडीवर भाचा घेऊन कोण? लोटन काका.

एवढंही गिळलं असतं. पण मग तोच फोटो तू माझ्याच दुकानात मढवायला पाठवलास! अक्का, मी लोकांचे फोटो मढवून पोट भरतो. लग्नाचे, मयताचे, देवाचे. स्वतः नसलेला घरचा फोटो मढवायची वेळ पहिल्यांदा आली. म्हणून उजवीकडे पुठ्ठ्याची दोन इंच जागा कोरी सोडली. दाजींना त्याचा राग आला म्हणे. येऊ दे.

बर्फाला मामा आणि फोटोला काका. मग जाऊळालाही काकाचीच मांडी घ्या, चांगली ऐसपैस आहे.

अभिमन

(कडेनं आई सांगते ते जसंच्या तसं : लता, पोऱ्याले सांभाळजो. समुंदर शे तो, पांझरा नदी नही. आन् हाऊ तुना भाऊ येडा शे. राग दूधना मायक शे, उतू जास आन् बसी जास.)

---

जळगाव, २ एप्रिल

चि. अभि,

तुझं कार्ड पोस्टमनने आधी वाचलं आणि मग मला दिलं. वर म्हणाला, "वहिनी, मामाचं बरोबर आहे." आता गल्लीत तुझी पार्टी तयार झाली, खूश?

यांनीही वाचलं. नुसता पंखा वाढवला.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती फ्रेम यांनी बैठकीतून काढून दारामागे लावली. पण काढून टाकली नाही, हे लक्षात घे. चुडूचा रोजचा खेळ आहे. मी त्याला कडेवर घेते, तो एकेकावर बोट ठेवतो. हे कोण? आजी. हे कोण? पप्पा. हे कोण? काका. बोट सरकत सरकत फोटो संपतो आणि तुझ्या त्या कोऱ्या पट्टीवर येतं. हे कोण? पहिल्या दिवशी मी काय सांगणार होते? म्हटलं, मामा.

झालं. त्याला तेच पाठ झालं. पांढरं दिसलं की मामा. परवा चुना दिलेल्या भिंतीला मामा म्हणाला. दुधाच्या पिशवीला म्हणाला. काल दवाखान्यात डॉक्टरांचा कोट धरून "मामा, मामा" करत राहिला, आणि डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले की मी लाजून मेले.

हसलास ना? मी पण हसते. पण त्याला तुझं तोंड माहीत नाही रे. मागच्या आखाजीला मी त्याला घेऊन आले, तर मुऱ्हाळी म्हणून न्यायला तू दुकानातल्या चिंधाला पाठवलंस. स्वतः काच आणायला सुरतेला गेलास, आणि माझी आखाजी संपेपर्यंत तुला सुरतेत काच मिळेना. मोठी बहीण आहे मी तुझी, मला कळत नाही का?

आमची तयारी जोरात आहे. सासूबाई कळण्याच्या भाकरी करणार आहेत. शेवेची भाजी घेऊ का म्हणत होत्या, मी हात जोडले. केळीची एक फणी यावलहून यांच्या मावशी पाठवताहेत, तिथे मुंबईत केळी मिळत नाहीत असं सगळ्यांनी ठरवलंय.

मांडीचं कळव.

लता

---

धुळे, ८ एप्रिल

ती. अक्का,

सोबत पुठ्ठ्याचा एक तुकडा आहे, नीट बघ. मागे मी पक्क्या शाईने लिहिलंय : "मी चुडामण कौतिक पाटील, जळगाव. सापडलो तर आईकडे द्या. केळं दिलं तर रडत नाही." वर भोक पाडून दोरी ओवलीय. गळ्यात घाल. एवढ्या गर्दीत दोन वर्षांचं पोर सुटायला किती वेळ लागतो? आणि दाजींचं लक्ष कुठे असेल सांगता येत नाही, हिशेब करत असतील पाळण्यात बसल्याचा.

पट्टीचं वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की डोळे पुसत आत गेली. मग बराच वेळ बाहेर आली नाही.

मांडीचं बघू. नाही म्हणत नाही. हो पण म्हटलेलं नाही, दाजींना लगेच सांगत सुटू नको.

एकच गोष्ट. जर माझीच मांडी पाहिजे असेल, तर तोवर त्याच्या केसाला कोणीही हात लावायचा नाही. वेणी घालायची, तेल लावायचं, कात्री नाही. काका नाही, आजी नाही, कोणी नाही. केस अख्खे पाहिजेत मला. एवढंच. वर्षभर रुसल्यावर माणसाला एक तरी गोष्ट अख्खी मिळावी.

समुद्राजवळ त्याला उतरवू नका.

अभिमन

---

जळगाव, १७ एप्रिल

चि. अभि,

आलो बाबा. पाय अजून माझे नाहीत.

सुरुवातीपासून सांगते. लाँचमधून बेटावर जायचं असतं. चुडूला सगळ्या नवलबेटात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर लाँचचा दोर. जाड, ओला, वास मारणारा. त्याला मिठी मारून बसला. उतरायला तयार नाही. "दोली! दोली!" दोर सोडवायला खलाशी आला तर त्याचा शर्ट पांढरा. मग काय, "मामा!" खलाशी खूश झाला, म्हणाला, "हां बेटा, मामा."

फाटकावर बाहेरचं खाणं न्यायला बंदी. रखवालदाराने सासूबाईंची पिशवी उघडली. भाकरी, ठेचा, केळ्याची फणी. म्हणाला, "हे इथेच ठेवा." सासूबाई म्हणाल्या, "ठेवते की," आणि तिथेच रांगेत बसकण मारली. आम्ही सगळे फाटकाला टेकून जेवलो. वीसेक माणसं मागे उभी. सासूबाईंनी प्रत्येकाला एकेक केळं दिलं, "घ्या, यावलची आहेत, बहिणीच्या मळ्यातली." रखवालदारालाही दोन. मग त्याने आमची ताकाची बरणी पाहिली नाही.

आत सगळीकडे एक रंगवलेला जिराफ उभा. त्याच्या गुडघ्यापर्यंत ज्याचं डोकं पोचेल त्यालाच पाळण्यात घेतात. चुडू जिराफाच्या खुरापाशी. म्हणजे ज्याच्यासाठी गेलो त्याला काहीच चालेना. हे प्रत्येक पाळण्यापाशी जाऊन विचारायचे, "मांडीवर घेतलं तर?" नाही. "खांद्यावर?" नाही. शेवटी एका हत्तीच्या पाळण्यात घेतलं, तो इतका सावकाश फिरतो की चुडू त्यात झोपला. दोन फेऱ्या झोपला. बाहेर काढला तर रडायला लागला, त्याला एका गळक्या नळाचं पाणी दिसलं होतं. मग पाऊण तास नळ. लोक लांबून लांबून पैसे भरून आले होते आणि आमचा मुलगा नळाखाली बोट धरून बसला होता. शेजारच्या झाडावर मी त्याची लंगोटी वाळत घातली.

मग ते अस्वल आलं. माणूसच आत असतो, कापसाचं पांढरंशुभ्र अस्वल, मुलांशी हात मिळवत फिरतं. बाकीची मुलं आईच्या मागे लपली. आमचं ध्यान "मामाऽऽ" करत पळत गेलं आणि त्याच्या पायाला चिकटलं. सुटेचना. ते अस्वल चालायला लागलं तर हा पायावर बसून चालला. आतून आवाज आला, "अहो वहिनी, घ्या हो याला, मी घामाने मरतोय." तुझ्या वाटचं सगळं प्रेम त्या अस्वलाने नेलं, बस तू धुळ्यात.

सासूबाई समुद्र बघणार होत्या ना? मोठ्या चक्रात पाच वेळा बसल्या. सहाव्यांदा आम्ही धरून ठेवलं. भाऊजी दिवसभर बबलगमचे फुगे काढत फिरत होते, चुडू त्यांच्या खांद्यावर. तुझा पुठ्ठा गळ्यात होता, तो वाचून तिघांनी त्याला केळं दिलं.

दुपारनंतर आम्ही निघालो. जरा लवकरच निघालो.

तिथे चुडूला एक टोपी घेतली, सशाच्या कानांची. आवडलीय फार. झोपतानाही काढत नाही.

बाकी ठीक.

लता

---

धुळे, २२ एप्रिल

ती. अक्का,

अस्वलाचं वाचून दुकानात एकटाच हसत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, मयताचा फोटो आणलाय हो मी.

तर ठरलं. यंदा मुऱ्हाळी मीच. आखाजी पाचला आहे, मी चारला येतो. तुला आणि चुडूला इकडे घेऊन येतो, मग सगळे मिळून दहाला मनुदेवी. दाजींशी बोलेन की नाही ते वेळेवर बघू. पण मांडी देतो.

या उन्हात सशाची टोपी कशाला? घामोळं येईल. काढ ती. आणि आईचा निरोप, वेण्यांना खोबरेल लाव, शेवटचेच दिवस आहेत त्यांचे.

अभिमन

---

धुळे, २८ एप्रिल

सौ. लता कौतिक पाटील यांस,

काल चिंधा जळगावहून आला. गाडी लागायला वेळ होता म्हणून तुझ्या घरी चहाला गेला होता. पोराने त्याच्यासमोर टोपी एका बाजूने वर ओढली. चिंधा मला म्हणाला, "अभिमनभाऊ, भाच्याचं जाऊळ झालं वाटतं. मुंबईला काढलं म्हणे, पाळण्याच्या जत्रेत. काकाच्या मांडीवर."

मी त्याला म्हटलं, तू चुकून दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असशील.

तो म्हणाला, "नाही, दारामागे तुमची फ्रेम होती."

सशाची टोपी. मी पण किती शहाणा. तू तिचे कान वर्णन करून सांगितलेस आणि मी घामोळ्याची काळजी करत बसलो.

मला राग केसांचा नाही. केस काय, उगवतील. तू मला आठ तारखेचं पत्र आल्यावर निदान एवढं लिहायचं होतं, की अभि, तुझं मागणं जास्त झालं. त्याऐवजी मला अस्वलाची गोष्ट सांगितलीस. मी हसलो पण.

चारला चिंधा येईल तुला न्यायला. मला सुरतेला जायचंय. काच संपलीय.

अभिमन

---

पाटबंधारे कार्यालय, जळगाव
३० एप्रिल

श्री. अभिमनराव यांस कौतिक पाटील यांचा स. न. वि. वि.

पत्र कचेरीतून लिहीत आहे. लताला माहीत नाही. तिला मी तुम्हाला काही लिहू दिलं नव्हतं, त्यामुळे टोपीबद्दल तिला बोलू नये. टोपी मी आणली.

घडलं ते असं. लोटनने बबलगमचा एवढा मोठा फुगा काढला आणि तो फुटला. चुडू त्याच्या खांद्यावर होता. सगळं त्याच्या उजव्या वेणीत बसलं. चुडूने हाताने ओढलं, तसं ते पसरलं. तेल लावलं, पाणी लावलं, अजून पसरलं. पोर किंचाळायला लागलं. तिथे एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, बर्फ चोळा, कडक होऊन सुटतं.

मी म्हटलं, मी आणतो. पळालो.

गोळेवाल्याकडे ही रांग. नुसता बर्फ देईना. म्हणाला, "गोळा घ्या, बर्फ विकत नाही." मी म्हटलं, रंग घालू नकोस. त्याने सवयीने कालाखट्टा घातला. ते दोन गोळे हातात घेऊन मी उन्हातून पळत आलो. शर्टावर जांभळं पाणी, बाह्यांतून कोपरापर्यंत.

येऊन बघतो तर आईने चुडूला लोटनच्या मांडीवर बसवलं होतं, फोटोच्या स्टॉलवरून कात्री मागून आणली होती, आणि उजवी बाजू झाली होती. सगळे निवांत. पोर पण गप्प झालेलं. माझ्याकडे बघून लोटन म्हणाला, "अरे वा, गोळा आणला!"

अभिमनराव, मी तिथे उभा होतो आणि बर्फ गळत होता. मला एकदम तुमची सायकल आठवली. तुम्ही दारात होता, शर्ट ओला होता, आणि आमच्यातलंच कोणी तरी म्हणालं होतं, "अरे वा, बर्फ आला." बहुतेक मीच.

त्या फोटोबद्दल आणखी काही लिहीत नाही. बर्फ आणायला गेलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

मी कात्री काढून घेतली. आई म्हणाली, अर्ध्या डोक्याचं पोर घेऊन लाँचमध्ये बसणार का, लोक काय म्हणतील, डावी बाजू पण होऊ दे. मी म्हटलं, डाव्या बाजूला हात लावायचा नाही, ती मामाची आहे. आई म्हणाली, "एवढा कधीपासून पुळका?" मी कात्री स्टॉलवर परत देऊन आलो. लता आधी रडली, मग चुडूकडे बघून तिला हसू आलं, मग दोन्ही थांबेनात. मी टोपी आणली.

तर सद्यस्थिती अशी : उजवीकडे बोटभर केस, डावीकडे अख्खी वेणी, रिबिनीसकट, टोपीत खोचलेली. दोन आठवडे आम्ही हे पोर असंच सांभाळतो आहोत. चौधऱ्यांचा मुलगा जिन्यात उभा राहून हसतो. न्हाव्याने दोनदा फुकट करून देतो म्हटलं. मी नाही म्हटलं. चिंधाने टोपीखाली उजवी बाजू पाहिली असेल, डावी पाहायला चहा संपेपर्यंत थांबला नाही.

तुम्ही अख्खे मागितले होते. अर्धे उरले आहेत. ते तुमच्याशिवाय निघणार नाहीत. १० मेला निघाले नाहीत तर पोर पहिलीत वेणी घालून जाईल, माझी तयारी आहे.

कळावे,
कौतिक पाटील

ता. क. : फ्रेम बैठकीत परत लावली आहे.

---

तार
धुळे, २ मे

कौतिक पाटील, जळगाव
मुऱ्हाळी चारला येतो. सुरत रद्द. उरलेले केस माझे. बर्फ तुमचा.
अभिमन

---

जळगाव, २१ मे

चि. अभि,

काल यावलच्या फोटोग्राफरकडून मनुदेवीचा फोटो आला. तू पाहिला नाहीस म्हणून सांगते, आणि मढवायलाही तुझ्याकडेच पाठवतेय, या वेळी न घाबरता.

आधी तुझं सांगते, कारण तेव्हा मी हसले नव्हते, आता हसून घेते. चार तारखेला मी दार उघडलं तर समोर पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी चप्पल. मला वाटलं कोणी पुढारी मतं मागायला आलाय. पांढरी चप्पल कुठून आणलीस रे? आणि चुडूने तुझ्याकडे पाहिलं, मग फ्रेमकडे पाहिलं, आणि तुला सोडून सरळ फ्रेमकडे जाऊन पट्टीवर बोट ठेवलं. "मामा." तुझा चेहरा उतरला तो मी पाहिला. हे पण तिथेच होते, तेही बघत होते. मग यांनी काय केलं आठवतं? गप्पगार उठले, तुझा हात धरला, आणि तुला नेऊन त्या फ्रेमच्या शेजारी भिंतीला टेकवून उभं केलं. चुडूने पट्टी बघितली, तू बघितलास, परत पट्टी. मग दोन्ही हात वर केले, घे म्हणून.

तुमचं दोघांचं त्या दिवशीचं पहिलं बोलणं काय, तर "पाणी?" "चालेल." एवढ्यासाठी वर्षभर माझा जीव टांगणीला.

आता फोटो. जाऊळ झालंय, चुडूचा गोटा तुझ्या मांडीवर चमकतोय, हळद लावलेला. आई शेजारी, सासूबाई शेजारी, भाऊजी मागे उभे. त्यांच्या तोंडात काही नाही, मी तपासलं होतं. फोटोग्राफर घाई करत होता, ऊन डोंगराआड चाललंय म्हणून. आणि हे नाहीत. दुपारीच सरबताला बर्फ आणायला यावलला गेलेले. कोणी पाठवलं नव्हतं. आपणहून गेले. मला तेव्हाच कळलं होतं का गेले ते. फोटो होऊन जावा म्हणूनच गेले होते. फिट्टंफाट करायला.

तू म्हणालास, "दाजी आल्याशिवाय बटण दाबायचं नाही." फोटोग्राफर म्हणाला, "मामा, उजेड जाईल." तू म्हणालास, "जाऊ दे." तो म्हणाला, "पोर झोपेल." तू म्हणालास, "झोपू दे, मांडी माझी आहे." आणि मग सगळे बसून राहिलो. सासूबाई तुला म्हणाल्या, "एवढा कधीपासून पुळका?" मला हसू आलं, ते का आलं हे घरी येऊन विचारलंस, तेव्हा सांगितलं नाही. यांना विचार, कात्रीच्या वेळी त्या यांनाही हेच म्हणाल्या होत्या.

फोटोग्राफरने शेवटी कंटाळून बटण दाबलं. नेमकं तेव्हाच हे वळणावर दिसले होते. त्यामुळे फोटोत कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. आई, सासूबाई, भाऊजी, तू, मी, सगळे एका बाजूला माना वळवून पायवाटेकडे बघतोय. आणि कडेला, अगदी कडेला, फोटो संपतो तिथे, हे. खांद्यावर गोणपाट, त्यातून पाणी गळतंय, शर्ट ओला, तोंड उघडं. "थांबा, थांबा" म्हणत होते तेव्हाचं.

चुडूने मात्र कॅमेऱ्याकडे पाहिलंय. एकटा शहाणा.

नीट मढव. चौधऱ्यांना दाखवायचाय.

लता

ता. क. : हे म्हणतात, जुनी फ्रेमही पाठव, अभिमनराव पट्टी काढून देतील. मी पाठवत नाहीये. चुडू अजून रोज तिथे बोट ठेवतो. आता तो आधी पट्टीवर ठेवतो, मग बाकीच्यांवर.

---

धुळे, ३० मे

ती. अक्का,

फ्रेम चिंधाच्या हातून पाठवतोय. त्याला सांगितलंय, चहा पूर्ण पिऊन, दोन्ही बाजू नीट बघून मगच परत यायचं.

काच सुरतेची आहे. खरंच गेलो होतो या वेळी, एका दिवसात मिळाली.

दाजींना सांग, त्यांचा खांदा आणि गोणपाट फोटोच्या अगदी काठावर आहे. चौकट बसवताना सगळ्यांनी सांगितलं, थोडा कापून घे, बरोबर बसेल. नाही कापला. त्यासाठी चौकटीची मोठी लाकडी पट्टी घेतली आणि पुठ्ठा पूर्ण काढून टाकला.

त्यामुळे या वेळी कडेला कोरी जागा नाही. सोडायची ठरवलं असतं तरी सोडता आली नसती, बर्फ पार चौकटीपर्यंत आलाय.

चुडूला सांग, मामा विचारत होता. कोणता म्हणाला, तर भिंतीवरचा नाही म्हणावं, चपलेवाला.

अभिमन

(आई सांगते : दूध बसनं का?)